अंडं सस्पेन्स खात्यात

बँकेच्या काउंटरमागं वीस-बावीस वर्षं बसलं की माणसाच्या कानाला एक खोड लागते. समोरचा काय बोलतोय हे ऐकू येण्याच्या आधी तो काय मागणार आहे, हे ऐकू येतं. समोरच्यानं 'साहेब' म्हटलं की पासबुक छापायचंय, 'दादा' म्हटलं की स्लिप भरून हवीय आणि 'मामा' म्हटलं की दोन्ही. घरी कन्येनं लाडात येऊन 'बाबा' म्हटलं की मोबाइलचं रिचार्ज संपलेलं असतं. त्यामुळे २०२५ च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या खुर्चीमागं येऊन म्हणाली, "बाबा, रविवारी फ्रिटाटा करू या का?" तेव्हा मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणालो, "परवाच तर भरले पैसे. पुन्हा फ्री डाटा कशाला?"

"फ्री डाटा नाही हो बाबा. फ्रि-टा-टा! खायचा पदार्थ आहे. इटालियन."

आतल्या खोलीत आई उपासाची भगर खात बसली होती. एकादशी होती. तिनं तिथूनच विचारलं, "काय फुकट द्यायलेत रे?"

"काही नाही आई. फ्री डाटा."

"मग घेऊन ठिव," आई म्हणाली. फुकटच्या वस्तूबाबत आमच्या घरात मतभेद नाहीत.

आता हा फ्रिटाटा म्हणजे काय, ते कन्येनं मला मोबाइलवर दाखवलं. मी चाळिशी नाकावर चढवली आणि बघितलं. इटालियन भाषेत तळण्याला जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडलं. घरात उरलेल्या भाज्या परतायच्या, त्यावर फेटलेली अंडी ओतायची आणि मंद आचेवर त्याची जाड वडी जमवायची. ऑम्लेटसारखी घडी घालायची नाही. स्पेनमध्ये हेच बटाटा घालून करतात आणि त्याला तोर्तिया म्हणतात, इराणात ढीगभर पालेभाजी घालून करतात आणि त्याला कुकू म्हणतात. म्हणजे काय, तर उरलेली भाजी संपवायची युक्ती जगात सगळ्या बायकांना सुचलेली आहे आणि तिला परदेशी नाव मिळालं की तिचा पदार्थ होतो. आपल्याकडे तिला नुसतं 'खा आता गुपचूप' म्हणतात.

पण मोबाइलवरच्या त्या यादीत पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'सहा अंडी'. ती ओळ वाचली आणि मी मोबाइल पालथा ठेवला. तोही एकादशीला.

कारण समजायला तुम्हाला आमच्या घरातली अंड्याची कायदेशीर परिस्थिती सांगितली पाहिजे.

आमचं गाव करमाड. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघालात की शेंद्र्याची औद्योगिक वसाहत मागं पडते आणि तुम्हाला डुलकी लागते. जाग येते तेव्हा बदनापूर आलेलं असतं. मधे जे झोपेत गेलं, ते करमाड. १९०० साली सुरू झालेल्या निजामाच्या रेल्वेमार्गावर आमचं स्टेशन आहे. गाड्याही आहेत. त्यातल्या बऱ्याच थांबत नाहीत, इतकंच.

माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते. रात्रीच्या मुक्कामी कुठल्या तरी गावच्या स्टँडवर त्यांना अंड्याची सवय लागली. आई पैठणकडची. गळ्यात तुळशीची माळ, नाथषष्ठी कधी चुकवली नाही, घरात कांदासुद्धा चातुर्मासात खाली मान घालून येणार. या दोघांचं लग्न झालं आणि अंड्याच्या प्रश्नावर वाटाघाटी झाल्या. अंडं घरात येणार नाही. ते मागल्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली शिजेल. त्याचा स्टोव्ह वेगळा, तवा वेगळा, उलथणं वेगळं, ताटल्या वेगळ्या. खाणाऱ्यानं हातपाय धुऊन, चूळ भरून मगच उंबरठा ओलांडायचा. भारत-पाकिस्तानचे पुष्कळ करार झाले, पण आमच्या अंगणातल्या कराराइतका काटेकोर पाळला गेलेला करार माझ्या पाहण्यात नाही. वडील गेले, रॉकेल मिळेनासं झालं, स्टोव्हच्या जागी छोटा सिलिंडर आला, पण करार तसाच राहिला. पुढे माझं लग्न झालं तेव्हा सौभाग्यवतीनं माप ओलांडून घरात प्रवेश केला आणि दुसऱ्या दिवशी तिला मागल्या दारी नेऊन अंड्याचा चार्ज देण्यात आला.

आमच्या बँकेत एक सस्पेन्स खातं असतं. पैसे आलेत हे नक्की, पण कुणाच्या नावावर टाकायचे ते कळत नाही, अशी रक्कम तात्पुरती त्या खात्यात ठेवतात. ठेवणारा बदलून जातो, साहेब बदलून जातात, ऑडिटर दर वर्षी येऊन विचारतो, "हे काय आहे?" आणि आपण म्हणतो, "बघतो सर." आमच्या घरात अंडं हे असं सस्पेन्स खात्यात होतं. आहे हे सगळ्यांना ठाऊक, पण घराच्या वहीत त्याची नोंद नाही.

आम्हालाच कशाला हसता? सरकारचंही तेच आहे. शाळेतल्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं असं महाराष्ट्र सरकारनं २०२३ च्या नोव्हेंबरात ठरवलं. न खाणाऱ्यांना केळं. पुढं २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवला आणि सांगितलं, द्यायचं असेल तर लोकवर्गणीतून द्या. म्हणजे अंडं शाळेच्या दारात आलं, पण आत यायचं की अंगणात थांबायचं, हे काही ठरेना.

शिवाय आमच्याकडे पंचांग आहे. १९८२ साली देशातल्या कोंबडीवाल्यांनी एकत्र येऊन अंडी समन्वय समिती काढली. तिची रविवार-सोमवारची ती टी.व्ही.वरची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. त्यातला सोमवार आमच्याकडे महादेवाचा. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मंगळवारी चतुर्थी आली तर मंगळवार बाद. उरल्या दिवसांत दोन एकादशा. २०२५ चा हिशेब मी मुद्दाम मांडला : २५ जुलैला श्रावण लागला तो २३ ऑगस्टला संपला, २७ ला गणपती बसले ते ६ सप्टेंबरला उठले, ८ पासून पितृपक्ष, २२ ला घटस्थापना, २ ऑक्टोबरला दसरा. इतक्या सलग सुट्ट्या बँकेलाही मिळत नाहीत. कोंबडीला मिळतात.

तर या सलग सुट्टीच्या मधोमध, ऐन पितृपक्षात, आमची कन्या सकाळी कॉलेजला जायला म्हणून स्टँडवर उभी होती ती खाली बसली. बसली ती तिला उठता येईना. एका ओळखीच्या रिक्षावाल्यानं तिला घरी आणून सोडलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं. मुलीच्या अंगात ते १२ तरी हवं. ब-१२ नावाचं एक जीवनसत्त्व असतं, तेही तळाला गेलेलं. मी कॉमर्सचा पदवीधर. मला त्या कागदावरचं एवढंच कळलं की खात्यात किमान शिल्लक नाही.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली आणि मग म्हणाले, "खाण्याकडे बघा. पालेभाजी, गूळ, वर लिंबू पिळून खायचं. पण हे ब-१२ भाजीत नसतं. दुधात असतं, अंड्यात असतं, मांसामाशांत असतं." दूध म्हटलं की आमची कन्या तिसऱ्या वर्षापासून दात आवळून बसते. राहिलं अंडं.

घरी येऊन मी आईला अर्धंच सांगितलं. तिनं उरलेलं अर्धं माझ्या तोंडावरून वाचलं. म्हणाली, "औषधाला वार नसतो. दे लेकराला." थोडं थांबून म्हणाली, "अंगणात."

झालं. पितृपक्षात, नवरात्रात, अंगणातल्या छपराखाली रोज एक अंडं उकडायला लागलं. कन्येला उकडलेल्या अंड्याचा वास सहन होत नाही. एका हातात अंडं, एका हातात नाक, डोक्यावर गळका पत्रा, असं ते लेकरू उभ्यानं जेवायचं. आणि आत दुसरीच गोष्ट सुरू झाली.

आमच्या घरात आजी आणि नात यांची जेवायची जागा ठरलेली आहे. स्वयंपाकघरात खिडकीखालच्या भिंतीला टेकून दोघी शेजारी शेजारी बसतात. कन्या तीन वर्षांची असल्यापासून. आईचं एक पितळी ताट आहे, तिच्या माहेरचं. त्यातला भाकरीचा पहिला घास तुपात बुडवून नातीच्या तोंडात जातो, मग जेवण सुरू होतं. मुलगी कॉलेजला गेली तरी हा घास चुकला नव्हता. आता मुलगी अंगणात आणि आई भिंतीला एकटी. दोन दिवस तिनं भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. तिसऱ्या दिवसापासून म्हणायला लागली, "मला आज भूक नाही." मुलीच्या अंगात रक्त चढावं म्हणून आम्ही अंडं सुरू केलं, ते इकडं म्हातारीचं उतरायला लागलं. आमच्या धंद्यात याला एका खात्यातून काढून दुसऱ्यात टाकणं म्हणतात. एकूण शिल्लक तेवढीच राहते.

आणि मग तो पाऊस आला. २०२५ च्या सप्टेंबराचा शेवट मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. नद्यांनी पात्रं सोडली, जायकवाडीतून लाखांच्या क्युसेकनं पाणी सोडावं लागलं, उभी पिकं शेतात सडली. काउंटरवर येणारी माणसं शिल्लक विचारत नव्हती, मदत आली का विचारत होती. तिथं आपल्या घरचा पत्रा पडला हे कुणाला सांगायचं? पण पडला. अंगणातलं छप्पर एका रात्री खाली आलं आणि अंड्याचा सगळा संसार, सिलिंडर सोडून, त्याच्याखाली गेला.

आता अंडं कुठं शिजवायचं? हा प्रश्न घरातल्या चौघांना पडला होता आणि चौघांपैकी कुणीही तो विचारत नव्हतं. अशा वेळी कन्येनं माझ्या खुर्चीमागं येऊन तो फ्रिटाटा काढला. "बाबा, यात पालक आहे, टोमॅटो आहे, ढोबळी मिरची आहे. अंड्याचा वासच येत नाही. आणि आजीला लांबून भाजीच वाटेल." पोरगी कॉमर्सला नाही, पण ताळेबंद सजवायची कला उपजत असते.

रात्री आमची दबक्या आवाजात मीटिंग झाली.

"तुम्ही आईंना विचारा," ही म्हणाली.

"तू विचार. तुझं त्या ऐकतात."

"आई तुमच्या आहेत. आणि करणार पण तुम्हीच आहात. मी वीस वर्षं दोन-दोन चुली सांभाळल्या. आता तिसरी इटालियन मी नाही सांभाळणार."

शनिवारी बँकेतून येताना मी सहा अंडी आणली आणि ती डब्याच्या पिशवीत लपवून, चोरीचा माल आणावा तशी, घरात घेतली. रविवारी दिवसभर मी आईला विचारायचं म्हणून तिच्या भोवती घिरट्या घातल्या. कर्ज मागायला आलेली माणसं अशीच घिरट्या घालतात. आधी पावसाचं बोलतात, मग गुडघेदुखीचं. आईनं मला दोन्ही विषयांवर बोलू दिलं. मूळ विषय मी काढला नाही, तिनंही काढला नाही.

आमचे देव स्वयंपाकघरातच कोपऱ्यात आहेत. संध्याकाळी सहा वाजता आईनं दिवा लावला. रोजच्यासारखी आरती केली. मग पाहतो तो शेजारती सुरू! रोज साडेनऊला निजणारे देव तिनं साडेसहाला निजवले. पडदा ओढला, त्याला वर पिन लावली आणि उठताना कुणाकडेही न बघता म्हणाली, "देव निजलेत. आता सकाळपातुर उठायचे नाहीत." आणि जपमाळ घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

मी आणि ही एकमेकांकडे बघत राहिलो. लेखी मंजुरी नव्हती. पण साहेबांनी फाइल बघूनही परत पाठवली नाही, याचा अर्थ आम्हाला कळतो.

मी कामाला लागलो. पत्र्याखालून अंड्याची कढई काढून घासली. ती एका बाजूनं चेपली होती. कांदा चिरला, ढोबळी मिरची चिरली, टोमॅटो चिरला, पालकाची अर्धी जुडी चिरली, एक उकडलेला बटाटा फोडी करून ठेवला. सहा अंडी फोडून फेटली. त्यात मीठ, मिरपूड आणि कन्येचं लक्ष नाही असं पाहून अर्धी वाटी दूध घातलं. याबद्दल ती हा लेख वाचेपर्यंत तिला काही कळणार नाही.

मोबाइलवरचा इटालियन म्हणत होता, भाज्या आधी परतून घ्या. मी म्हटलं, कशाला दोन-दोन कामं? सगळ्या भाज्या एकदम कढईत लोटल्या, वर मीठ टाकलं आणि लगेच अंड्याचं पातेलं उचललं. एवढ्यात बाहेरून आवाज आला.

"थांब!"

जपमाळ चालू होती. पण कान इकडं होता.

"आवाज बदलला," आई बाहेरून म्हणाली. "भाजी रडायली. पाणी सुटलं तिला. ते आटू दे आधी. कामून घाई करायलास?"

मी बघितलं, खरंच कढईत तळं झालं होतं. मीठ पडलं की भाजी पाणी सोडते. ते तसंच राहिलं असतं तर अंडं जमलंच नसतं, फुटलं असतं. पाणी आटवलं. भाज्या तेलावर चुरचुरायला लागल्या तेव्हा बाहेरून "हां" आलं. मग अंडं ओतलं आणि वेळ वाचावा म्हणून गॅस मोठा केला.

"आच कमी कर," बाहेरून हुकूम आला. "धिरड्याला इतकी आच लागती व्हय?"

"धिरडं नाही आई, हे..."

"जे काय असंल ते. धिरडंच समजून सांगायले मी."

तिचं बरोबरच होतं. मी नंतर वाचलं, अंडं साठ-पासष्ट अंशांच्या आसपासच घट्ट व्हायला लागतं. पाणी उकळायला शंभर अंश लागतात, अंड्याला तेवढे लागतच नाहीत. मोठ्या आचेवर ते खाली रबर होतं आणि वर पातळ राहतं. इटालियन माणूस अशा वेळी कढई भट्टीत ठेवून वरून आच देतो. आमच्याकडे भट्टी नाही. आमच्याकडे झाकण आहे. मंद आचेवर झाकण ठेवून मी दहा-बारा मिनिटं थांबलो. झाकण काढलं तर कडा जमल्या होत्या, मधे मात्र अजून डुलत होतं. म्हणजे आता उलटायची वेळ.

इथं माझी खरी परीक्षा होती. उलथणं घातलं तर एका बाजूनं तुटायला लागलं. कढई चेपलेली, त्यामुळे अंडं एका अंगाला चार बोटं जाड, दुसऱ्या अंगाला पापड. कन्या मोबाइलमधून वाचत होती, "बाबा, इटलीत 'फ्रिटाटा झाला' असं म्हणतात. म्हणजे काय माहितीय? व्हायचं ते नुकसान होऊन गेलं!"

"आणखी काय म्हणतात?"

"'फ्रिटाटा उलटवणं' म्हणजे आपली चूक फिरवून दुसऱ्याच्या गळ्यात घालणं."

"ते मला जमतं," मी म्हणालो. "तू वाचत बसलीस म्हणून माझं चुकलं." आणि उलथणं जोरात घातलं. त्याबरोबर कडेचा एक तुकडा तुटून शेगडीवर पडला आणि भुरभुर जळायला लागला. ही ओरडली, कन्या ओरडली, मी तर आधीच ओरडत होतो.

तेवढ्यात कुणीतरी मला कोपरानं बाजूला सारलं. आई होती. तिनं एका हातानं गॅस बंद केला, दुसऱ्या हातानं मागं फळीवर चाचपडून हाताला लागलं ते ताट घेतलं, कढईवर पालथं घातलं, पदरानं कान धरले आणि एका झटक्यात कढई उलटी केली. ताट वर, कढई खाली, असं झालं कधी आणि सरळ झालं कधी, आम्हाला कळलंच नाही. कढई उचलली तर ताटात अख्खा सोनेरी गोल. मधून हिरवा पालक, लाल टोमॅटो. तो तिनं अलगद पुन्हा कढईत सरकवला, कच्ची बाजू खाली. "दोन मिनिटं," म्हणाली.

मग तिचं हातातल्या ताटाकडे लक्ष गेलं. ते तिचं पितळी ताट होतं. माहेरचं.

स्वयंपाकघरात कुणी बोलेना. चाळीस-पन्नास वर्षांत जे अंगणातून उंबरठ्यावर आलं नव्हतं, ते थेट त्या ताटात येऊन बसलं होतं. बँकेत एक पद्धत असते. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं तपासून मंजूर करायची. मेकर आणि चेकर. मेकर चुकला तर चेकरनं पकडायचं. इथं मेकर मी, आणि चेकरनं न बघता सही केली होती.

हीच हळूच म्हणाली, "आई, मी घासून देते. चिंच लावून."

आई ताटाकडे बघत होती. मग म्हणाली, "मी ताट उलटं केलं. ताटाखाली काय व्हतं ते पांडुरंगाला माहीत." थोड्या वेळानं म्हणाली, "आमच्या नाथांनी काशीहून गंगेची कावड आणली. रामेश्वराला न्यायची व्हती. वाटंत गाढव तडफडताना दिसलं, तर त्याच्या तोंडात रिकामी केली. देवाचं पाणी व्हतं ना ते? पण तहानलं व्हतं लेकरू."

"म्हणजे आजी, मी गाढव?" कन्येनं विचारलं.

"तू कामून? गाढव तुझा बाप. भाजीला पाणी सुटलेलं कळत नाही त्याला."

हा निर्णय एकमतानं मंजूर झाला.

ते ताट चिंच लावून घासलं, उन्हात ठेवलं, आणि तेव्हापासून ते नातीचं झालं. आई आता स्टीलच्या ताटात जेवते. मी एकदा म्हणालो, "आई, धुतलंय की चांगलं. घे तुझं तुला." तर म्हणाली, "द्यायचंच व्हतं तिला. लग्नात देणार व्हते. आधी दिलं म्हणून काय झालं?" मुदतीआधी ठेव मोडली तर आमची बँक दंड लावते. आईनं लावला नाही.

त्या रात्री खिडकीखालच्या भिंतीला दोघी पुन्हा शेजारी बसल्या. आईपुढं भाकरी आणि पिठलं, कन्येपुढं फ्रिटाटा. दोन ताटांच्या मधे वीतभर अंतर. तेवढा करार अजून शिल्लक आहे. पण भाकरीचा पहिला घास तुपात बुडाला आणि ते वीतभर अंतर ओलांडून गेला. मी माझा जळका तुकडा घेऊन लांब बसलो होतो. चव कशी होती म्हणाल, तर मीठ कमी होतं, एक बाजू कच्ची होती आणि मी दोनदा मागून घेतलं.

दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. ११.४ आलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचा गुण. ही म्हणाली, पालक-लिंबाचा. मी म्हणालो, माझ्या फ्रिटाटाचा. आई काही म्हणाली नाही, नाथषष्ठीला पैठणला जाऊन नारळ फोडून आली. श्रेय कुणाच्या खात्यात टाकायचं ते अजून ठरलेलं नाही. तेवढी रक्कम आम्ही सस्पेन्समध्ये ठेवली आहे.

अंगणातला पत्रा मी अजून बसवलेला नाही. कुणी विचारलंही नाही. शेजारती हल्ली आठवड्यातून दोन-तीनदा लवकर होते. परवा बँकेतून दमून आलो, बूट काढत होतो, तर आई दारात वाती वळत बसली होती. मला बघून म्हणाली,

"ते तुझं फ्री डाटा करणार हायस का आज? करणार असशील तर सांग. देव लवकर निजवते."